पर्यावरणस्नेही नॅनोपदार्थ : नाशिककरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नाशिकमध्ये रसायनशास्त्र शिकवतो. महाविद्यालयातील विद्यार्थी, द्राक्ष बागायतदार आणि सातपूर-अंबडचे लघुउद्योजक यांच्याशी बोलताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा समोर आले, ते त्यांच्या उत्तरांसह येथे मांडले आहेत. काही उत्तरे लांबली आहेत, कारण तो विषय थोडक्यात सांगितला तर गैरसमजच वाढतो.

नॅनोपदार्थ म्हणजे नेमके काय आणि ते वेगळे का वागतात?

ज्या पदार्थाच्या कणांची लांबी, रुंदी किंवा जाडी यांपैकी निदान एक माप साधारणपणे १ ते १०० नॅनोमीटरच्या दरम्यान असते, त्याला नॅनोपदार्थ म्हणतात. एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा शंभर कोटीवा भाग. माणसाच्या केसाची जाडी या मापाने सुमारे ८०,००० नॅनोमीटर भरते.

वागणे बदलते त्याचे मोठे कारण पृष्ठफळात आहे. एक सेंटीमीटर बाजूचा धातूचा घन घेतला तर त्याचे एकूण पृष्ठफळ ६ चौरस सेंटीमीटर असते. त्याच घनाचे १० नॅनोमीटर बाजूचे तुकडे केले, तर वजन तितकेच राहून पृष्ठफळ ६०० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ सहा गुंठे होते. रासायनिक क्रिया पृष्ठभागावर घडत असल्यामुळे जो धातू एरवी शांत असतो तो या आकारात चपळ होतो. लोखंडाचा खिळा वर्षानुवर्षे गंजत राहतो, पण लोखंडाची अतिसूक्ष्म कोरडी पूड हवेत उघडी पडताच पेट घेऊ शकते. रंगही बदलतो. सोन्याचे बारीक कण पाण्यात माणकासारखे लाल दिसतात, तर चांदीचे पिवळे ते तपकिरी.

हे सगळे अलीकडचेच आहे का?

शास्त्र अलीकडचे आहे, कण जुने आहेत. तुपाच्या दिव्यावर धरलेल्या काजळात कार्बनचे नॅनोकण असतात आणि डिझेलच्या धुरातही असतात. मायकल फॅरेडे यांनी १८५७ मध्ये सोन्याच्या लाल द्रावणाचा अभ्यास मांडला, आणि ‘नॅनोटेक्नॉलॉजी’ हा शब्द नोरिओ तानिगुची यांनी १९७४ मध्ये वापरला. भस्मांविषयी नेहमी विचारणा होते. काही भस्मांत या मापाचे कण आढळतात हे खरे. परंतु कण लहान आहेत एवढ्यावरून ते औषधी किंवा निर्धोक ठरत नाहीत. त्या दोन्ही गोष्टी स्वतंत्रपणे तपासाव्या लागतात.

‘पर्यावरणस्नेही’ कशाला म्हणायचे? पाल्याचा अर्क वापरला की पुरेसे आहे का?

पुरेसे नाही, आणि या पानावरचे माझे मुख्य म्हणणे हेच आहे. धातूचे नॅनोकण बनवताना नेहमीच्या रसायनाऐवजी काचपात्रात कडुलिंबाचा अर्क ओतला म्हणून पदार्थ पर्यावरणस्नेही ठरत नाही. खाणीतून धातू निघाला तेथपासून तो कण शेवटी मातीत, नदीत किंवा कोणाच्या फुप्फुसात जेथे पोहोचतो तेथपर्यंतचा सारा प्रवास हिशेबात धरावा लागतो.

पॉल अनास्टास आणि जॉन वॉर्नर यांनी १९९८ मध्ये हरित रसायनशास्त्राची १२ तत्त्वे मांडली. कचरा निर्माण झाल्यावर त्याची विल्हेवाट लावण्यापेक्षा तो होऊच न देणे, निर्धोक द्रावक वापरणे, ऊर्जा कमीत कमी खर्च करणे, नूतनीकरणक्षम कच्चा माल घेणे आणि पदार्थाचे काम संपल्यावर तो निरुपद्रवी घटकांत मोडेल अशी त्याची रचना करणे ही त्यांपैकी काही होत. अर्काची पद्धत यांतील दोन-तीन तत्त्वे चांगली पाळते. बाकीच्यांचे काय, हे प्रत्येक वेळी विचारावे लागते.

एक साधा हिशेब पाहू. प्रयोगशाळेत बहुधा सिल्व्हर नायट्रेट या चांदीच्या क्षाराचे १ मिलिमोलर, म्हणजे अगदी विरळ, द्रावण घेतात. अशा एका लिटरमधली सगळी चांदी कणांत उतरली, तरी हाती जेमतेम १०८ मिलिग्रॅम चांदी येते. त्यासाठी पाला धुतला, अर्धा-पाऊण तास उकळला, गाळला, द्रावण तापवले, सेंट्रिफ्यूज तासभर फिरवला, तीनदा ऊर्ध्वपातित पाण्याने धुतले आणि भट्टीत रात्रभर सुकवले, तर चिमूटभर पुडीमागे किती वीज आणि किती पाणी गेले याची कल्पना येते. शिवाय सिल्व्हर नायट्रेट चांदी नायट्रिक आम्लात विरघळवूनच तयार होते. सोन्याच्या नॅनोकणांचे जीवनचक्र मूल्यमापन करणाऱ्या अभ्यासांत पर्यावरणावरचा सर्वांत मोठा भार सोन्याच्या क्षाराचाच निघाला. क्षपणक (क्षारातून धातू मोकळा करणारा पदार्थ) बदलल्याने एकूण आकड्यात फारसा फरक पडला नाही. त्यामुळे धातू कमी लागावा, तो परत मिळवता यावा, आणि शक्य असेल तेथे चांदी-सोन्याऐवजी लोह, सिलिका किंवा सेल्युलोज वापरावे, हा विचार अर्काच्या निवडीपेक्षा अधिक मोलाचा आहे.

रूढ पद्धतींत मग वाईट काय आहे?

सगळ्याच रूढ पद्धती वाईट नाहीत. टर्केविच यांची १९५१ ची पद्धत सोन्याचा क्षार पाण्यात उकळून त्यात सोडियम सायट्रेट घालते; सायट्रेट हा लिंबात असणाऱ्या आम्लाचाच क्षार आहे. याउलट १९९४ मध्ये मांडलेली ब्रस्ट-शिफ्रिन पद्धत कण अतिशय नेटके देते, पण तिला टोल्युईनसारखा सेंद्रिय द्रावक, थायॉल हे दुर्गंधीयुक्त गंधकी संयुग आणि सोडियम बोरोहायड्राइड लागते. काही पद्धतींत हायड्रॅझिन वापरतात, जे विषारी असून कर्करोगाशी संबंधित मानले जाते. वायुरूप अवस्थेत कण बनवणाऱ्या पद्धतींना द्रावक लागत नाही, मात्र तापमान फार लागते. थोडक्यात, ‘रासायनिक’ म्हणजे घातक आणि ‘जैविक’ म्हणजे निर्मळ अशी सरळ वाटणी या विषयात करता येत नाही.

वनस्पतीच्या अर्काने कण तयार होतात तरी कसे?

अर्कातील पॉलिफेनॉल व फ्लॅव्होनॉइड ही वनस्पतिजन्य संयुगे, शर्करा आणि प्रथिने धातूच्या आयनाला, म्हणजे विद्युतभारित अणूला, इलेक्ट्रॉन देतात. आयनाचे अणू होतात, अणू एकत्र येऊन बीज तयार होते आणि ते वाढू लागते. त्याच अर्कातील काही रेणू वाढत्या कणाभोवती थर धरून बसतात, त्यामुळे कण एकमेकांना चिकटून गाळ होत नाही. म्हणजे एकच काढा क्षपणाचेही काम करतो आणि स्थिर ठेवण्याचेही. निराळे रसायन लागत नाही, ही या पद्धतीची खरी जमेची बाजू आहे.

या क्षेत्रात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री यांच्या गटाने बुरशी, जिरॅनियमची पाने, गवती चहा आणि कडुलिंब यांच्या साहाय्याने सोन्या-चांदीचे नॅनोकण तयार करून दाखवले. कडुलिंबावरचा त्यांचा शोधनिबंध २००४ चा आहे आणि त्याच वर्षी गवती चहाच्या अर्कातून सोन्याचे त्रिकोणी, पातळ कण मिळाल्याचे त्यांनी प्रसिद्ध केले. जगभर आज ‘हरित संश्लेषण’ या नावाने जे काम चालते, त्याच्या पायाशी हे काम आहे.

प्रत्यक्षात काय दिसते तेही सांगतो. वाळवलेल्या द्राक्षबियांची भरड पाण्यात मंद आचेवर ठेवली की फिकट लालसर तपकिरी अर्क येतो आणि खोलीत ओल्या लाकडासारखा तुरट वास पसरतो. गाळलेला अर्क सिल्व्हर नायट्रेटच्या निवळशंख द्रावणात थेंब-थेंब टाकला की सुरुवातीला काहीच घडत नाही. मग कडेने पिवळसर झाक येते, ती हळूहळू गडद होते आणि थोड्या वेळाने सारे द्रावण मधासारखे दिसू लागते. हे कितीही वेळा पाहिले तरी मी फ्लास्क उजेडाकडे धरून पाहतोच.

नाशिक जिल्ह्यात यासाठी कोणता कच्चा माल उपलब्ध आहे?

मुबलक आहे, आणि तो पिकवावा लागत नाही, टाकून दिलेला मिळतो. माझ्या मते आपल्या भागासाठी या विषयाचा सर्वांत उपयोगी भाग हाच आहे. मुद्दाम औषधी वनस्पतींची पाने ओरबाडून प्रयोग करण्यापेक्षा जे उकिरड्यावर जाते त्याकडे पाहावे.

वायनरीत द्राक्षे दाबून रस काढल्यावर वजनाच्या साधारण पाचव्या ते चौथ्या हिश्श्याइतका चोथा उरतो. त्यात साली, बिया आणि देठ असतात. बियांत टॅनिन आणि प्रोअँथोसायनिडिन ही पॉलिफेनॉल भरपूर असल्यामुळे क्षपणासाठी त्या उत्तम. जानेवारी ते मार्च या हंगामात चोथा एकदम निघतो आणि ओला असताना दोन दिवसांत आंबू लागतो, म्हणून तो लगेच उन्हात पसरून वाळवणे ही पहिली अट. तेथे इंधन जाळण्याची गरज नाही. आपल्याकडचे फेब्रुवारीचे ऊन पुरेसे आहे.

लासलगाव, पिंपळगाव बसवंत, निफाड येथील खळ्यांवर कांदा निवडताना लाल पापुद्र्यांचे ढीग साचतात. या वाळलेल्या पापुद्र्यांत क्वेर्सेटिन हे फ्लॅव्होनॉइड असते. ते मूळचेच कोरडे असल्यामुळे साठवणे सोपे जाते. मात्र खळ्यावरचा माल मातीने भरलेला असतो. तो धुतल्याशिवाय घेतला तर अर्कात मातीतील लोह आणि क्लोराइड उतरते आणि निकाल बिघडतो.

इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा हा भाताचा पट्टा. शंभर किलो भातामागे सुमारे वीस किलो तूस निघते आणि ते जाळले की चार किलोच्या आसपास राख उरते, जी बहुतांशी सिलिका असते. तूस ६०० ते ७०० अंश सेल्सिअसला जाळले तर सिलिका अस्फटिक राहते आणि तीपासून सच्छिद्र नॅनोसिलिका बनवता येते. आच फार वाढली की तिचे स्फटिक बनतात; स्फटिकी सिलिकेची धूळ फुप्फुसाला घातक असते. जाळण्याआधी तूस तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लाने धुण्याचा प्रघात आहे, तेथे सायट्रिक आम्ल वापरूनही क्षार निघतात.

उरल्या एप्रिल आणि ऑक्टोबरच्या छाटणीच्या काड्या. त्या बांधावर जाळल्या जातात किंवा फार तर कुट्टी करून बागेत टाकल्या जातात. त्यांतील सेल्युलोजपासून नॅनोसेल्युलोज मिळते, जे कागद, वेष्टन आणि लेपांना बळकटी देते. जुन्या पद्धतीत त्यासाठी सुमारे ६४ टक्के गंधकाम्ल लागते आणि ते उदासीन करताना क्षारयुक्त पाणी भरपूर निघते. म्हणून कच्चा माल शेतातला असूनही ही प्रक्रिया आपोआप हिरवी होत नाही. यांत्रिक दळण आणि विकरे यांचा मेळ घातला तर आम्लाचा भार कमी होतो. काड्यांची कुट्टी बागेत मिसळल्याने मातीला जो सेंद्रिय कर्ब मिळतो, त्याचेही मोल या तराजूत धरायला हवे. सगळ्याच काड्या बागेबाहेर नेणे शहाणपणाचे नाही.

आम्ही प्रयोग केला, पण द्रावण तपकिरी होण्याऐवजी दुधासारखे पांढरे झाले. काय चुकले?

बहुधा नळाचे पाणी वापरले गेले. नळाच्या आणि बोअरच्या पाण्यात क्लोराइड असते. ते चांदीच्या आयनाला धरून सिल्व्हर क्लोराइडचा पांढरा साका बनवते. माझ्या पहिल्या वर्षी मी स्वतः हीच चूक केली होती. ऊर्ध्वपातित पाण्याची बरणी रिकामी होती, वेळ वाचवावा म्हणून नळाखाली फ्लास्क धरला आणि दुपारभर वर्गासमोर पांढरा गाळ ढवळत बसलो. संध्याकाळी उजेडाने तो गाळ जांभळट झाला तेव्हा काही विद्यार्थ्यांनी त्यालाच नॅनोकण समजून वहीत नोंद केली. दुसऱ्या दिवशी ती पाने सर्वांसमोर खोडून नवी नोंद करायला लावली, कारण अशा नोंदी खोडल्या नाहीत तर त्याच पुढे निष्कर्ष म्हणून फिरतात.

रंग बदलला म्हणजे नॅनोकण तयार झाले, असे समजावे का?

रंग ही केवळ सूचना आहे. चांदीच्या कणांचे प्रकाशशोषण साधारण ४०० ते ४५० नॅनोमीटर तरंगलांबीला आणि सोन्याच्या लहान गोल कणांचे ५२० च्या आसपास शिखर दाखवते. त्यामुळे पहिली चाचणी दृश्य-अतिनील वर्णपटमापीवर करावी. त्यानंतर क्ष-किरण विवर्तनाने स्फटिकरचना आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने आकार पाहावा. सूक्ष्मदर्शकाच्या एका छायाचित्रात नमुन्याचा नगण्य अंश दिसतो, म्हणून सुबक दिसणाऱ्या एका चौकटीवर विसंबू नये. निदान शंभर-दोनशे कण मोजून त्यांचे आकार कोठपासून कोठपर्यंत आहेत ते द्यावे.

लोहाच्या बाबतीत तर अधिक सावध राहावे. चहाचा किंवा हिरड्याचा काढा लोहक्षारात टाकला की द्रावण क्षणात काळे होते आणि ‘शून्य-संयुजी (धातुरूप) लोहाचे नॅनोकण’ म्हणून ते सादर केले जाते. पण हिरडा आणि लोह यांच्या संयोगाने काळी शाई करण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. तो काळा रंग बहुतेकदा लोह आणि टॅनिन यांच्या संयुगाचा असतो. धातुरूप लोह तेथे असेलच असे नाही. अशा काळ्या पदार्थाचे उपयोग असतीलही, परंतु त्याचे नाव बरोबर लिहायला हवे.

त्याच झाडाच्या पानांनी दर वेळी वेगळे कण का मिळतात?

कारण झाड काही कारखाना नाही. चैत्रातल्या कोवळ्या पालवीत आणि पावसाळा उलटून गेल्यावरच्या जून पानांत पॉलिफेनॉलचे प्रमाण सारखे नसते. माती, पाणी, वाण, वाळवण्याची रीत यांनीही ते बदलते. औद्योगिक पातळीवर जाण्यातला हा मोठा अडथळा आहे. उपाय कंटाळवाणा पण साधा आहे : प्रत्येक अर्कातील एकूण पॉलिफेनॉल मोजावे, त्या आकड्याप्रमाणे मात्रा ठरवावी, आम्लता स्थिर ठेवावी आणि वहीत पाने तोडल्याची तारीख व जागा लिहावी. ‘दहा ग्रॅम पाने, शंभर मिली पाणी’ एवढीच कृती लिहिणारा प्रबंध दुसऱ्या कोणाला पुन्हा करता येत नाही.

द्राक्षबागेत नॅनो खते आणि नॅनो बुरशीनाशके वापरावीत का?

खतापासून सुरुवात करू. द्रवरूप नॅनो युरियाचा समावेश केंद्राने २०२१ मध्ये खत नियंत्रण आदेशात केला. ४ टक्के नत्र असलेल्या ५०० मिलीच्या बाटलीत २० ग्रॅम नत्र असते. ४५ किलोच्या युरियाच्या गोणीत सुमारे २०.७ किलो. पुढे बाटलीतील प्रमाण २० टक्क्यांपर्यंत वाढवले गेले, तरी ते १०० ग्रॅमच होते. पानांवरून घेतलेले नत्र अधिक कार्यक्षमतेने वापरले जाते हा दावा मान्य केला, तरी एवढी तफावत केवळ कार्यक्षमतेने भरून निघेल असे मला वाटत नाही. पंजाब कृषी विद्यापीठाच्या भात-गव्हाच्या शेतप्रयोगांत नत्राचा मोठा हिस्सा कमी करून अशी फवारणी केली असता उत्पादन घटल्याचे आढळले. म्हणून आपल्या बागेत करायचेच असेल तर आधी दोन ओळींवर करा, शेजारच्या दोन ओळी नेहमीच्या पद्धतीने ठेवा आणि देठपरीक्षणाचे (पानाच्या देठातील अन्नद्रव्यांच्या तपासणीचे) आकडे समोरासमोर मांडून मग ठरवा.

बुरशीनाशकांच्या बाबतीत आशेला अधिक जागा आहे. एक टक्का बोर्डो मिश्रणात १०० लिटर पाण्याला एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना जातो. वर्षानुवर्षांच्या फवारणीने तांबे मातीच्या वरच्या थरात साचते, गांडुळांना आणि सूक्ष्मजीवांना ते बाधते. युरोपीय संघाने २०१९ पासून तांब्यावर सात वर्षांत हेक्टरी २८ किलोची मर्यादा घातली आहे. कण लहान आणि हळूहळू विरघळणारे असले, किंवा ते कायटोसानसारख्या जैविक बहुलकात (सजीवांपासून मिळणाऱ्या, लांब साखळीच्या रेणूंच्या पदार्थात) बांधले, तर थोड्या तांब्यात तेच संरक्षण मिळू शकेल, या दिशेने संशोधन चालू आहे. तरीही डाऊनी आणि भुरी या द्राक्षावरील बुरशीजन्य रोगांसाठी दुकानात मिळणारी प्रत्येक ‘नॅनो’ बाटली विकत घेऊ नये. कीटकनाशक कायदा, १९६८ खाली नोंदणी नसलेले पीकसंरक्षक उत्पादन विकणे बेकायदा आहे आणि निर्यातीच्या मालात अनपेक्षित अवशेष निघाला तर भुर्दंड बागायतदारालाच बसतो. लेबलवर नोंदणी क्रमांक नसेल, तर बाटली परत करा.

चांदीचे नॅनोकण असलेले कपडे, फवारे, रंग यांचा गोदावरीशी काय संबंध?

थेट संबंध आहे. मोज्यांतील किंवा कपड्यांतील चांदी धुताना पाण्यात उतरते हे प्रयोगांनी दाखवले आहे. ते पाणी गटारातून तपोवन किंवा आगर टाकळीसारख्या मलजलशुद्धीकरण केंद्रावर जाते. तेथे सांडपाण्यातील गंधकाशी संयोग होऊन बहुतेक चांदीचे सिल्व्हर सल्फाइड बनते आणि ते गाळात बसते. सल्फाइड फारसे विरघळत नसल्याने धोका पुष्कळ कमी होतो, ही दिलाशाची बाब. पण केंद्रातील अमोनियाचे नायट्रेट करणारे जिवाणू चांदीला विशेष संवेदनशील असतात, आणि तो गाळ खत म्हणून शेतात गेला तर चांदी मातीत साठत राहते.

माझे स्पष्ट मत असे की जळालेल्या रुग्णाच्या जखमेवरील पट्टीत चांदी असणे योग्य आहे. मोज्याला वास येऊ नये म्हणून ती वापरणे योग्य नाही. जिवाणूंना चांदीची सवय होऊन प्रतिकार वाढण्याची भीतीही आहेच. सिंहस्थाच्या निमित्ताने रामकुंडाच्या पाण्याविषयी आपण सगळे बोलतो. घरातून गटारात काय सोडतो, तेही त्याच बोलण्याचा भाग असायला हवे.

नॅनोपदार्थांनी पाणी शुद्ध करता येते का?

येते, आणि पर्यावरणस्नेही पद्धतीचे भारतातील सर्वांत चांगले उदाहरण याच क्षेत्रातले आहे. आयआयटी मद्रासचे प्रा. टी. प्रदीप यांच्या गटाने कायटोसान या जैविक बहुलकाच्या जाळ्यात लोह ऑक्सिहायड्रॉक्साइडचे नॅनोकण अडकवून आर्सेनिक शोषणारा दाणेदार पदार्थ तयार केला. तो पाण्यात, साध्या तापमानाजवळ बनतो, त्यासाठी भट्टी पेटवावी लागत नाही आणि कण जाळ्यात पक्के असल्यामुळे पिण्याच्या पाण्यात उतरत नाहीत. कच्चा माल स्वस्त, तापमान कमी, कण बांधलेले, आणि ज्यासाठी वापरायचे ती गरज खरी. अशा चारही गोष्टी एकत्र जुळलेले उदाहरण क्वचित सापडते.

आपल्याकडे विचारणा होते ती मुलाम्याच्या कारखान्यांतील षट्-संयुजी क्रोमियमची, म्हणजे क्रोमियमच्या अधिक विषारी रूपाची. लोहाचे नॅनोकण त्याचे त्रि-संयुजी रूपात क्षपण करतात, जे कमी विषारी असते आणि गाळ म्हणून वेगळे काढता येते. पण कारखानदारांना मी आधी दुसरेच काही सुचवतो. धुण्याच्या टाक्या एकापुढे एक मांडून पाणी उलट्या दिशेने खेळवा, टाकीतून उचललेला सुटा भाग थोडा जास्त वेळ निथळू द्या. एवढ्याने सांडपाण्यात जाणारे क्रोमियम लक्षणीय घटते. त्यानंतर जे उरेल त्यासाठी नॅनोलोहाचा विचार करावा.

कारखान्यात किंवा प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांनी कोणती काळजी घ्यावी?

सर्वांत मोठा धोका कोरडी पूड श्वासातून जाण्याचा आहे. त्यामुळे शक्य असेल तेथे माल पुडीऐवजी पाण्यात कालवलेल्या स्वरूपात मागवावा. गोणी उघडणे, वजन करणे आणि झाडू मारणे ही तीन कामे सर्वाधिक धूळ उडवतात. झाडूऐवजी ओले फडके वापरावे आणि वजन बंद कपाटात करावे. तोंडाला बांधलेला रुमाल या मापाच्या कणांना अडवत नाही, नीट बसणारा एन-९५ दर्जाचा मास्क लागतो. लांब, ताठ, तंतुमय कणांबाबत विशेष जपावे. बहुभित्तिक कार्बन नलिकांच्या (कार्बनच्या एकात एक बसलेल्या अतिसूक्ष्म नळ्यांच्या) एका प्रकाराला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ‘संभवतः कर्करोगकारक’ गटात ठेवले आहे. कण वनस्पतीच्या अर्काने बनवलेले आहेत, म्हणून यांतील कोणतीही काळजी सोडता येत नाही.

यासाठी कायदा काय सांगतो?

नॅनोपदार्थांसाठी भारतात एकच स्वतंत्र कायदा नाही. खत, कीटकनाशक, अन्न, औषध आणि घातक कचरा यांचे आपापले नियम लागू होतात. कृषी आणि अन्न क्षेत्रातील नॅनो उत्पादनांचे मूल्यमापन कसे करावे याची मार्गदर्शक तत्त्वे जैवतंत्रज्ञान विभागाने २०२० मध्ये प्रसिद्ध केली. बाहेरचे एक उदाहरण लक्षात ठेवण्याजोगे आहे : खाद्यपदार्थांना पांढरेपणा देणारा टायटॅनियम डायऑक्साइड युरोपीय संघाने २०२२ मध्ये अन्नातून हद्दपार केला. त्यात नॅनो आकाराच्या कणांचा अंश असतो आणि जनुकीय हानीची शक्यता नाकारता येत नाही, असे तेथील अन्नसुरक्षा संस्थेने आदल्या वर्षी म्हटले होते.

‘ग्रीन नॅनो’ असे लिहिलेले उत्पादन घेताना विक्रेत्याला काय विचारावे?

कोणता पदार्थ, किती प्रमाणात आणि कोणत्या आकाराचा, हे आधी विचारावे. मग कण कशात बांधलेले आहेत आणि वापरानंतर ते कोठे जातात, हे विचारावे. शेवटी हेच काम नॅनोकणांशिवाय होते का, हेही. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ असेल तर पैसे वाचवावेत.

प्रयोगानंतर उरलेले द्रावण बेसिनमध्ये ओतले तर चालेल का?

मुळीच नाही. चांदीचे उरलेले द्रावण एका गडद रंगाच्या बाटलीत साठवावे. त्यात मिठाचे पाणी टाकले की न वापरलेली विद्राव्य चांदी सिल्व्हर क्लोराइड होऊन तळाशी बसते. मीठ जास्त झाले की कणही एकत्र येऊन खाली बसतात. वरचे पाणी मिठाच्या आणखी एका थेंबाने गढूळ होईनासे झाले की चांदी उतरली असे समजावे, गाळ गाळून वाळवावा आणि चांदी परत काढणाऱ्याकडे द्यावा. या बाटलीत अमोनिया चुकूनही मिसळू नये. अमोनियायुक्त चांदीचे द्रावण साठवून ठेवले तर त्यात स्फोटक संयुग तयार होते. इतर धातूंचा कचरा २०१६ च्या घातक कचरा नियमांनुसार अधिकृत केंद्राकडे पाठवावा लागतो.

आमच्या प्रयोगशाळेत खिडकीपासून दूर, खालच्या कप्प्यात अशी एक तपकिरी बाटली आहे. तिच्यावर चिकटवलेल्या कागदावर प्रत्येक तुकडी तारीख आणि ओतलेले मिलिलिटर लिहिते. मागच्या वर्षीचा गाळ वाळवून तोलला तेव्हा तो अकरा ग्रॅम भरला. त्यात सव्वाआठ ग्रॅमच्या आसपास चांदी होती, आणि ती पुन्हा नायट्रेट करून यंदाच्या वर्गाने वापरली.